अजून लागलं तर मागा

५ मे, सोमवार

भुवना, आधी चष्मा शोध. डोक्यावर बघ. तिथे नसेल तर फ्रिजमध्ये बघ, मागच्या पोंगलला भाजीच्या कप्प्यात सापडला होता. सापडला? मग आता बस. तूच म्हणाली होतीस ना, अम्मा, तिकडे गेलीस की रोज चार ओळी सांगत जा, कीर्तना लिहून घेईल, मी वाचेन. हे म्हटल्याचंही तू विसरली असशील, म्हणून सुरुवात मीच करते.

फोनवर तुझा आवाज मला तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा ऐकू येतो, त्यातलं एक अक्षर कळत नाही. आणि कागदावरचं अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. तुझी मुलगी तिकडे तुझ्याजवळ पुण्यात शिकली म्हणून तिला ह्या मुंग्या काढता येतात. इथे तंजावुरात आपल्यातल्या अर्ध्यांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. तेव्हा मी सांगणार, ती लिहिणार, पानाचा फोटो तुला येणार. मी बोलते ते जसंच्या तसं लिहायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. आत्ता ती हसतेय, तेही लिही म्हटलं.

सकाळी तंजावुराहून निघालो. तिरुवैयारुपर्यंत बस, पुढे ऑटो. वाटेत पाच नद्या लागल्या, पाचही कोरड्या. माझ्या मांडीवर इडलीचं भांडं, पायाशी ग्राइंडर, कीर्तनाच्या मांडीवर माती तपासायच्या डब्या. ऑटोवाल्याने विचारलं, लग्नाला चाललात का. मी म्हटलं, हो, नवरा शोधतोय, तुझा कुणी काका मोकळा आहे का. बिचाऱ्याने ऑटोचा वेग वाढवला.

घर छान आहे गं. दोन खोल्या, पुढे बसायला तिण्णै, मागे नारळाची आठ झाडं आणि त्यापलीकडे ते शेत. घरही वरलक्ष्मीचं आणि शेतही तिचंच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, एकटी, मोपेड चालवते. मला बघून तिने तमिळमध्ये विचारलं की दोघींत इंजिनीअर कोण. मी म्हटलं, मी. ही पोरगी माझ्या डब्या उचलायला आलीय. तेव्हापासून ती मला इंजिनीअर अम्मा म्हणते.

काम काय, ते तुला तुझ्या मुलीने दहा वेळा सांगितलं असेल, तरी पुन्हा सांगते. चार वर्षांपूर्वी एक कंपनी इथे खाली कोळसा आहे का बघायला आली. वरलक्ष्मीच्या शेतात भोक पाडलं. मग गावं रस्त्यावर बसली, कंपनी गेली, भोक राहिलं. आता ते सिमेंटने बुजवायचं, चिखलाचा खड्डा उपसायचा, खालची माती खाली, वरची काळी माती वर, अशी परत घालायची, हिरवळीच्या खताचं बी पेरायचं. जूनमध्ये कालव्याला पाणी सुटायच्या आत जमीन होती तशी करून द्यायची. जमिनीला टाके घालायचं काम म्हण ना. आणि मी आलेय टाके घालणारीला जेवू घालायला.

मला काही पाठवू नकोस हं. वरचे सगळे दात गेलेत, खालचे चार राहिलेत, तेही भांडून वेगळे बसलेत. मऊ भात आणि ताक इथे मिळतं. बास.

७ मे, बुधवार

आज शेत पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

खड्डा आपल्या जुन्या अंगणाएवढा. त्यात भोक पाडताना वापरलेला राखाडी चिखल, चार वर्षांपासूनचा. त्यावर दुधावर धरते तशी साय. वारा आला की साय सुरकुतते, पण फाटत नाही. वास सांगू? दोशाचं पीठ झाकून ठेवून तू माहेरपण आटोपून सासरी निघून गेली होतीस, आठवतं? तुला नाही आठवणार. मला आठवतं, कारण झाकण मी उघडलं होतं. तो वास, आणि त्यात ओल्या केसांचा.

खड्ड्याच्या कडेला ते भोक. लोखंडी पाइपचं तोंड, माझ्या रसमच्या भांड्याएवढं. मी म्हटलं, एवढ्याशा भोकासाठी एवढी रडारड? तर कीर्तना म्हणाली, आजी, आपल्या मोठ्या देवळाचं शिखर आहे ना, तशी आठ शिखरं एकाखाली एक उलटी लावलीस तर तळ लागेल. मी वाकून पाहिलं. हातभर खाली पाणी होतं, काळं, आणि त्यात माझं तोंड. तोंडाचं बोळकं भोकात छान दिसतं.

आणि ऐक, तुझ्या मुलीचा पराक्रम. तिने शेतातली चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि पुढच्या दातांत धरून चावली. मी किंचाळले. ती म्हणते, ही रीतच आहे. कचकच लागली तर गाळाची, लोण्यासारखी लागली तर चिकण. प्रयोगशाळेचा निकाल पंधरा दिवसांनी येतो, दातांचा लगेच. मग थुंकली आणि चूळ भरली. तुझी आई लहानपणी भिंतीचा चुना खायची म्हणून मी तिला बदडलं, म्हटलं, आणि तुला त्याचा पगार मिळतो.

११ मे, रविवार

अग्नी नक्षत्राचा उन्हाळा चालू आहे. दहा वाजता तिण्णैवर पाय ठेवला तर पापड व्हायचा. तरी उपसा चालू आहे. सायीखालचा चिखल पंपाने ओढतात तेव्हा आवाज येतो, कुणीतरी घसा साफ करतंय तसा. मुकादम सुब्रह्मण्य नाकाला फडकं बांधून उभा असतो. परवा त्याच्या एका माणसाने डबा उघडला, भाताकडे पाहिलं आणि डबा मिटून घरी गेला तो आलाच नाही.

भोकात सिमेंट दोनदा ओतलं. दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी पाहिलं तर नाही. पुन्हा हातभर खाली तेच काळं पाणी. कीर्तना म्हणते, खाली भेगा असतील, त्यात जातंय. वरलक्ष्मी म्हणाली, माझा धाकटा भाऊ असाच होता, वाढत जा, पानात काही दिसायचंच नाही. आम्ही दोघी हसलो.

एक चमत्कारिक आहे. इथे कावळे नाहीत. रोज तिण्णैच्या कठड्यावर भाताचा घास ठेवते, संध्याकाळी तो तसाच, वाळलेला. गावात देवळापाशी आहेत, कालव्याच्या पलीकडे आहेत, शेतावर नाहीत.

मी कीर्तनाला विचारलं, कोळसा म्हणजे असतो तरी काय. ती म्हणाली, फार फार जुनं रान. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं. झाडं, किडे, जनावरं, सगळं चिखलात गाडलं गेलं आणि दबून काळं झालं. मी म्हटलं, म्हणजे सगळे मेलेलेच की. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, आणि त्यांना कुणी कधी पाणी दिलं नाही. त्यावर ती म्हणाली, आजी, हे मी लिहिणार नाही. लिही म्हटलं.

१४ मे, बुधवार

आज तुझ्या वडिलांची तिथी, वैशाख वद्य द्वितीया. तुला आठवण होती का, खरं सांग. तुझ्या भावाने, मुरलीने, चेन्नईत श्राद्ध केलं. भटजी फोनमधून मंत्र सांगतात, हा मान डोलावतो, मग भटजींना दुसऱ्या घराचा फोन येतो. असल्या श्राद्धाने माणूस जेवतो की ताटकळतो, देव जाणे. माझ्या मनाला पटलं नाही. म्हणून ह्या वर्षी मीच भात शिजवला, काळे तीळ घातले आणि तीन पिंड वळले. बाईने करू नये, माहीत आहे. पण तुझ्या वडिलांना, नटराजांना, माझ्या हातचं चालायचं.

भर बारा वाजता केळीच्या पानावर पिंड ठेवले आणि कावळ्यांना हाका मारल्या. घसा बसला. एक आला नाही. वरलक्ष्मीनेही हाका मारल्या. शेवटी ती म्हणाली, पाण्यात सोडा. कुठल्या पाण्यात? कालवा कोरडा, कावेरी कोरडी. घरातल्या बादलीत पिंड सोडू?

तर मी शेतात गेले आणि त्या भोकात एकेक करून तिन्ही सोडले. तेवढंच उभं पाणी होतं आसपास.

तुझे वडील कसे जेवायचे, आठवतं ना? पान रिकामं झालं तरी गप्प. भाताकडे बघतील, माझ्याकडे बघतील, पण मागायचे नाहीत. पन्नास वर्षं मी ओळखून वाढलं. म्हणून मी भोकात तोंड घालून चांगलं दरडावलं. म्हटलं, आता तरी लाजू नका. पोटभर घ्या. अजून लागलं तर मागा. तोंड उघडून मागा.

गुळूप असा आवाज आला. तीन पिंडांना चार गुळूप झाले. मी हसले, म्हटलं, चला, ह्या वर्षी भूक आहे.

१६ मे, शुक्रवार

काल कीर्तनाने भोकातून नमुना काढला. दोरीला डबी बांधून खाली सोडली, वर ओढली. डबीत राखाडी लोणी, आणि त्याला चिकटलेलं भाताचं एक शीत. ती चिमूट उचलून दातांत धरणार, तेवढ्यात मी ओरडले की अगं, ते उष्टं आहे. ती म्हणाली, कुणाचं उष्टं, आजी, पाचशे मीटर खाली कोण जेवतंय. आणि चावलं. थुंकली नाही. चूळही भरली नाही. म्हणाली, गोड लागतं.

काल चार वेळा भात घेतला तिने. आज पाच. एवढीशी अंगकाठी आणि जातं कुठे? मला बरं वाटलं, पोरीला चव आली म्हणून.

शेंगदाण्याची चिक्की पाठव. बाकरवडी पण पाठव, दोन किलो.

२० मे, मंगळवार

भुवना, तू माझी मुलगी की कुणाची? चिक्की! मला! ह्या चार दातांना! पाच तारखेला मी घसा खरवडून सांगितलं होतं. विसरलीस ती विसरलीस, वर बाकरवडीचे चार पुडे. तुझ्या वडिलांनी तुला बदाम खाऊ घातले ते सगळे कुठे गेले?

वाया मात्र काही गेलं नाही. कीर्तनाने एका बैठकीत संपवलं. मी ताक घुसळत होते, मागे कचकच, कचकच. वळून पाहिलं तर ती पुड्याचा कागद चाटत होती. मी म्हटलं, आता कागदही खा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कागद हळूच खाली ठेवला, मी बोलले नसते तर खाल्लाच असता अशी.

तिच्या हिरड्यांवर राखाडी रेघ आहे. चूळ भर म्हटलं तर म्हणते, भरली.

भोकातलं पाणी वीतभर वर आलंय. वर साय धरलीय.

तूप पाठव. मोठा डबा. साजूक.

२३ मे, शुक्रवार

तूप आलं. आता हे का, ते मी विचारत नाही. तू काय पाठवतेस ते तुलाच आठवत नसेल.

कीर्तनाने डब्यात बोटं घातली ती तळ खरवडेपर्यंत बाहेर काढली नाहीत. कोपरापर्यंत तूप. मग कोपर चाटलं. लहान मूल असतं तर मी हसले असते.

सकाळी इडलीच्या पिठाचं झाकण काढलं. वर राखाडी साय. कालच वाटलेलं पीठ. बोटाने साय बाजूला केली तर तिने बोट धरलं. चिकटलं म्हण, पण मला तसं वाटलं नाही. पीठ नारळाच्या बुंध्याशी ओतलं. दुपारी बुंध्यापाशी काही नव्हतं, माती चाटून पुसल्यासारखी स्वच्छ.

कीर्तनाला तंजावुरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली. म्हणाले, अंगात रक्त कमी की काही बायका माती खातात, घाबरू नका. गोळ्या दिल्या. येताना बसमध्ये ती गोळ्यांची पाकिटं चावत बसली.

तांदूळ पाठव. जुना. काळे तीळ पाठव.

२६ मे, सोमवार

तीळ का पाठवलेस? तिखट नाही, मसाला नाही, काळे तीळ? कुणी कुणाच्या घरी काळे तीळ पाठवतं का? तुझी चेष्टा करण्यासारखं मला आज काही सुचत नाही.

दुपारी पाहिलं. बारा वाजता. ती भोकापाशी गुडघ्यावर बसून तांदूळ ओतत होती, मुठीमुठीने. एक मूठ भोकात, एक मूठ तोंडात. कच्चा. मी हाक मारली. वळली तेव्हा हनुवटीवरून राखाडी लाळ गळत होती, आणि ती लाळ तिने हाताने परत आत ढकलली. काही सांडू नये म्हणून.

घरी आल्यावर विचारलं. ती म्हणाली, मला काय झालंय, आजी, मला कळत नाही. रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या केसांना तो वास.

वरलक्ष्मीला मोपेडवर धाडलंय, तुकोजीरावांना आणायला. तुझ्या वडिलांचे कचेरीतले मित्र, जुनी मराठी कागदपत्रं उतरवून काढायचे. त्यांना ह्यातलं कळेल.

मऊ काहीतरी पाठव. खूप पाठव.

२८ मे, बुधवार

हे तुकोजीराव लिहीत आहेत. मी सांगतेय. कीर्तना आत झोपलीय.

त्यांनी वही हातात घेतली आणि चेष्टेने म्हणाले, बघू, भागीरथीबाईंनी काय प्रताप केलेत. पहिल्या पानापासून मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी हसत होते. माझं बोलणं मला परत ऐकायला मजा वाटत होती. अक्षर न् अक्षर माझं.

सोळा तारखेच्या शेवटी ते वाचतात, शेंगदाण्याची चिक्की पाठव.

मी म्हटलं, हे मी बोलले नाही. ते म्हणाले, लिहिलंय. पुढे वाचा म्हटलं. तूप पाठव. तांदूळ पाठव. काळे तीळ पाठव. मऊ काहीतरी पाठव, खूप पाठव.

भुवना, मी ह्यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तू विसरली नव्हतीस. तू तर जे लिहिलं होतं तेच पाठवत होतीस, आणि मी इथे तुझी टिंगल करत होते.

कीर्तनाला उठवून विचारलं. ती वहीकडे बघत राहिली. म्हणाली, तू सांगतेस ते मी लिहिते, मग हात थांबत नाही.

मी मागा म्हटलं होतं. ते मागतंय. आणि हे तुझे वडील नव्हेत. त्यांनी आयुष्यात कधी मागितलं नाही.

तुकोजीरावांनी एकच विचारलं. पिंड दिल्यावर तृप्त झालात का असं विचारलंत? निरोप दिलात? आता या, असं म्हणालात?

नाही. जेवायला बोलावलं, वाढलं, आणि पाठवणी करायला विसरले. तुला विसराळू म्हणणारी मी.

३० मे, शुक्रवार

तुकोजीराव लिहितात.

दहा वाजता शेतावर गेलो. त्यांनी तिळाचं पाणी सोडलं. मी भोकाशी वाकून विचारलं, पोट भरलं का. तृप्त झालात का.

पाणी वर आलं. काठोकाठ. सायीला खालून फोड आला, मोठा होत गेला, फुटला. वास असा की सुब्रह्मण्य जागच्या जागी ओकला. आणि फोडातून तीन पिंड वर आले. माझेच. सोळा दिवसांपूर्वीचे. राखाडी, गुळगुळीत, चोखलेले. प्रत्येकाला चावल्याच्या खुणा, पण दातांच्या नव्हेत. हिरड्यांच्या. माझ्यासारख्या.

कीर्तना मागून आली. कुणाला कळायच्या आत तिने मधला पिंड उचलला आणि तोंडात घातला. मी तिच्या तोंडात बोटं घातली. आत जीभ नव्हती गं — होती, पण ती माझ्या बोटांभोवती—

गिळला.

तुकोजीराव खाली बसले. मग म्हणाले, भागीरथीबाई, मधला पिंड कोण खातं ते तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे. ज्या सुनेला मूल हवं असतं तिला देतात.

त्यांनी तुला फोन केला. तू येते म्हणालीस. येऊ नकोस.

१ जून, रविवार

तुकोजीराव तापाने पडलेत. काही पोटात ठरत नाही, वरलक्ष्मी त्यांना तंजावुरात सोडून आली. दुसरं मराठी लिहिणारं इथे कुणी नाही. कीर्तना लिहितेय. मी बोलतेय ते ती सगळं लिहिते, तुकोजीरावांनी तपासलंय. मग तिचं लिहिते. तेव्हा शेवटच्या ओळीकडे बघू नकोस.

काल भोकात सिमेंट ओतलं. राहिलं. आज सकाळी दगडासारखं घट्ट. सुब्रह्मण्य नाचला. वरलक्ष्मीने पेढे वाटले.

मी नाचले नाही. तोंड बुजलं नाही — तोंड दुसरीकडे गेलं.

आंबट पाठव. कैरी. चिंच. मीठ लावून.

४ जून, बुधवार

खड्डा भरला. खालची माती खाली, वरची काळी माती वर. सपाट. बी पेरलं. कीर्तनाच्या कंपनीचा साहेब येऊन फोटो काढून गेला, म्हणाला, इतकं सुंदर काम कुठे पाहिलं नाही. कठड्यावर कावळा आला आज. घास खाल्ला त्याने. शेत बरं झालं, भुवना.

तिचं पोट बघितलं साहेबाने. पाच दिवसांत — सहाव्या महिन्यासारखं. मी हात ठेवला. आतून हाताला कुणी चोखलं.

डॉक्टरांकडे चल म्हटलं. ती म्हणाली, कुठे जाऊ, आजी, मला भूक लागलीय. आवाज तिचाच. हसणं तिचं. म्हणूनच मला सोडवत नाही.

कैरीचं पार्सल आलं. बघू नकोस म्हटलं होतं ना, तरी पोर उपाशी राहील म्हणून पाठवलंसच. कोयींसकट—

मासा पाठव. शिजवू नकोस.

७ जून, शनिवार

मासा आला. आपल्या घरात, मासा.

वरलक्ष्मी येत नाही. तिची कोंबडी — पिसं परसात.

मी भात करते, ती खाते. मी करते, ती खाते. माझं जेवण कधीच संपलं. परवापासून ती माझ्या दंडाकडे बघते. तुझे वडील बघायचे भाताकडे, तसं. आणि मागत नाही—

खरंच, मागत नाही. वाट बघते. मी ओळखून वाढेन म्हणून.

दूध पाठव. अजून पाठव.

९ जून, सोमवार

सकाळ आहे. ती शेजारी बसलीय, वही पोटावर. लिहितेय. शाबास.

भुवना, चष्मा लाव आणि हे नीट वाच. मी थांबले की पुढे जे असेल ते माझं नाही. एवढं तरी विसरू नकोस. काही पाठवू नकोस. येऊ नकोस. जो आपल्या हाताने वाढतो, त्याला ते ओळखायला लागतं. मी वाढलं. आता तुझ्याकडे बघेल.

बोलावणं माझं, तर पाठवणीही माझीच. तीळ आहेत मुठीत. तिला जवळ घेणार आहे. विचारणार आहे, पोट भरलं का गं. भरलं म्हणाली तर आता या म्हणेन, आणि पोर सुटेल. आणि नाही म्हणाली, तर माझ्याजवळ वाढायला एवढंच उरलंय — म्हातारं आहे, चिवट आहे, पण पन्नास वर्षं ह्याच हाताने—

वही ठेव बाळ. इकडे ये. ये, लाजू न—

आजी पुरली नाही. हाडंच होती. दहीभात पाठव. मऊ, मीठ कमी, दोघांना पुरेल एवढा. तुझ्या हाताने कालव, आणि येताना तूच—